दोघांत एक कीबोर्ड

बुधवार, ३ सप्टेंबर

पुण्याहून मेल आला. ‘वेगास्त्र’ हा संगणकावरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ बाजारात येण्याआधी आम्हाला खेळायला मिळणार आहे. मेल आमच्या चॅनेलच्या पत्त्यावर होता, पण सुरुवात अशी होती : ‘प्रिय अमरदीप आणि टीम’.

टीम म्हणजे मी.

चॅनेल दोघांचं आहे. खेळ मी तपासतो, त्याचे गुण-दोष मी लिहून काढतो, व्हिडिओ मी जोडतो. अमरदीप फक्त बोलतो. सकाळी तो जीप स्टँडवर वाशीमच्या गाडीसाठी प्रवासी गोळा करतो, तिथेच त्याचा आवाज तयार झाला. त्याची हाक ऐकून ज्याला कुठेच जायचं नाही असा माणूससुद्धा जीपमध्ये बसतो. लोक आमचे व्हिडिओ बघतात ते त्या आवाजासाठी, असं सगळे म्हणतात. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली पाटी पडद्यावर दिसते, त्याबद्दल आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

खेळ चालणार हिरालालमामाच्या फोटो स्टुडिओत. लग्नाचे व्हिडिओ जोडायचा तिथला संगणक जबरदस्त आहे आणि त्यावर बसायचं काम माझंच. दिवाळीपर्यंत लग्नं नाहीत, म्हणून मामा काही बोलत नाहीत.

मेलच्या शेवटी महत्त्वाचं आहे. कंपनीला मराठी आवृत्तीसाठी एक माणूस घ्यायचा आहे. आमचं परीक्षण बघून ठरवणार. एकच माणूस. खाली सही कंपनीच्या उज्ज्वला मॅडमची.

मराठी आवृत्ती म्हटलं की लिखाण आलं, तपासणी आली. मी बारावी नापास आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकत नाही.

अमरदीपला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तूच जाशीन गज्या. तुले लिवता येते. माह्याकडं काय, निसता गळा हाये.” मग हसला. “पण मले घेतलं ना, त माह्या कोयता वाचते बावा.”

त्याचे वडील मोहनसिंग यांची कंबर गेली आहे. ऊसतोडीला जोडी लागते, एक कोयता म्हणजे दोन माणसं. यंदा वडिलांच्या जागी आई जमनाबाईसोबत अमरदीपने जायचं असं मुकादमाशी बोलणं झालं आहे. दिवाळी झाली की ट्रक तांड्यावर येतो.

हे सगळं तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला हसू येतं. मी माझं दुःख सांगितलं तर लोक घड्याळ बघतात.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

खेळ उतरवून घ्यायला कालचा पूर्ण दिवस गेला. आज सुरू झाला.

प्रामाणिकपणे लिहितो : असा खेळ मी पाहिला नव्हता. दीडशे वर्षांनंतरचा काळ आहे. गाड्यांना चाकं नाहीत, त्या जमिनीपासून हातभर वर तरंगतात. एक ट्रॅक एका प्रचंड विवराच्या आतल्या भिंतीवरून गोल गोल खाली उतरतो आणि तळाशी खारं पाणी आहे. त्या पाण्यावरून गाडी गेली की मागे पांढरी रेघ उठते आणि हळूहळू मिटते. मी तीन वेळा हरलो ते ती रेघ बघत राहिल्यामुळे.

आवाजही चांगला. वेग वाढवला की आधी सगळं गप्प होतं आणि मग एकदम गर्जना येते. ती शांतता कोणी ठरवून घातली असेल तर तो माणूस हुशार आहे.

शस्त्रं चार : अग्निबाण, चुंबक, धूर, ढाल. मेन्यूत ‘शस्र’ आणि ‘पून्हा खेळा’ असं लिहिलं आहे. दोन्ही टिपून ठेवलं.

पडद्याचे दोन भाग करून दोघांना एकत्र खेळता येतं. आमच्याकडे कीबोर्ड एकच. डावीकडची बटणं अमरदीपची, बाणाची उजवीकडची माझी. खांद्याला खांदा लावून बसावं लागतं आणि त्याच्या शर्टाला जीपच्या डिझेलचा वास येतो. सगळ्या रेसी तो जिंकला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पुन्हा हरलो. आता मला संशय येतो आहे.

अमरदीप खेळतो म्हणजे बटणांवर नुसता झोपतो. वेग, वळण, पुढे, सगळं दाबूनच धरतो, सोडत नाही. मी विचार करून, लागेल तेवढंच दाबतो. तरी ऐन वेळी माझा अग्निबाण सुटत नाही. मी दाबतो, काहीच होत नाही. परत दाबतो तोवर तो वळणापलीकडे.

“सुटला नाही,” मी म्हणालो.

“दाब ना मंग जोरात! बोटाले काय मेंदी लावली का तुह्या?”

“दाबलं मी.”

“अबे, माह्या बी कई कई सुटत नाई. मी काय रडून राह्यलो का?”

मामा काउंटरवरून हसले. मामा माझ्या बोलण्यावर असे कधी हसत नाहीत, मी त्यांचा सख्खा भाचा असून.

एक गुण आज टिपला : जो मागे असतो त्याला जास्त ताकदीची शस्त्रं मिळतात आणि पुढच्यालाच ती जाऊन लागतात. हे अत्यंत न्याय्य आहे. पुढे असणाऱ्याला थोडी भीती हवीच. खेळ बनवणाऱ्यांना जगाची समज आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

अमरदीप जेवायला घरी आला. आईने सकाळी वांगी तोडून ठेवली होती, कोवळी, बाजारात न पाठवलेली. मला वाटलं माझ्यासाठी.

“खाय बाप्पा, खोलीवर कोण करून देते तुले,” म्हणत तिने त्याच्या ताटात भाकरीवर भाकरी टाकली. तो म्हणाला, “आवडामाय, तुमची भाजी पुण्याले नेतो डब्यात. मॅडमले म्हणतो, आधी हे खा, मंग ठरवा कोणाले घ्याचं ते.” आई इतकी हसली की पदर तोंडाला लावला.

माझी बहीण सुचिता कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणी आमचे व्हिडिओ बघतात. त्या काय म्हणतात ते मी विचारलं. ती म्हणाली, “अमरदीपभाऊ भल्लेच हसवतात म्हणे.”

“आणि पाट्या?”

“कोणत्या पाट्या?”

जाताना अमरदीप मला म्हणाला, “परीक्षण मस्त लिव गज्या. तुह्या लिवण्यात दम हाये. मी निसतं वाचतो.” असं म्हणायला त्याचं काय जातं?

सोमवार, १५ सप्टेंबर

आज मी पुढे होतो. पूर्ण दोन फेऱ्या पहिला. विवराच्या तळाशी पाण्यावर माझीच रेघ होती. मग मागून अमरदीपला मोठा अग्निबाण मिळाला आणि माझी गाडी भिंतीवर आपटली. भिंतीला नुसती घासली तरी वेग शून्यावर येतो, हा वेगळा दोष.

मागच्याला जास्त ताकद देणं हा अन्याय आहे. ज्याने मेहनतीने पुढचा नंबर मिळवला त्याला कोणीतरी मागून येऊन पाडणार, मग पुढे जावं कशाला? खेळातला मोठा दोष म्हणून टिपला. मंगळवारची नोंद खोडली.

त्यानंतर ढाल दाबली, आली नाही. धूर दाबला, नाही. अमरदीप ओरडत होता, “मार बे, मार! मी समोरच हाये!” मी मारत होतो. काही निघत नव्हतं.

घरी येऊन परीक्षणाचं मुख्य वाक्य लिहिलं : ‘या खेळात दुसऱ्या खेळाडूवर अन्याय होतो. त्याची शस्त्रं ऐन वेळी चालत नाहीत, आणि हा खेळ बनवणाऱ्यांचा निष्काळजीपणा आहे.’ तीनदा वाचलं. पहिल्यांदाच माझं वाक्य मला जोरदार वाटलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

अमरदीप तांड्यावर गेला. वडिलांना उठता येत नाही म्हणून निरोप आला होता. पोहरादेवीपर्यंत एसटी आणि पुढे जे मिळेल ते. उद्या सकाळी येतो म्हणाला, दुपारी व्हिडिओ करायचा आहे.

मी एकटा स्टुडिओत होतो. दुसऱ्या खेळाडूचा दोष पक्का करावा म्हणून दोन्ही हातांनी दोघांची बटणं खेळून पाहिली. डाव्या हाताने अमरदीपसारखी तीन बटणं दाबून धरली आणि उजव्या हाताने अग्निबाण. सुटला नाही. डाव्या हाताचं एक बोट उचललं. सुटला.

मग खेळ बंद केला आणि लग्नाच्या व्हिडिओत नावं टाकायची ती कोरी पाटी उघडली. तीच तीन बटणं दाबून धरली आणि चौथं दाबलं. अक्षर उमटलंच नाही. उलट करून पाहिलं. मी तीन धरली तर त्याचं चौथं उमटत नाही.

खेळात दोष नाही. आमचा कीबोर्ड साधा आहे. एका वेळी इतकी बटणं त्याला कळत नाहीत. नावं टाईप करायला आणलेला, त्याच्यावर दोन माणसं आडवी पडली की जो आधी दाबून बसला तो जिंकला. अमरदीपचेही बाण वाया जात होतेच. तो दाबून धरणारा, म्हणून त्याचे कमी गेले, माझे जास्त.

परीक्षणाचा कागद काढून समोर ठेवला.

वाक्य काढलं तर परीक्षणात उरतं काय? दोन शुद्धलेखनाच्या चुका, एक भिंत आणि भरपूर कौतुक. आणि कौतुक बोलण्यात अमरदीपचा हात कोण धरणार. दोष शोधणं हेच एक माझं.

शिवाय मी जे लिहिलं ते घडलेलं आहेच. माझी शस्त्रं चालली नाहीत हे खरंच आहे. का चालली नाहीत हे परीक्षणात लिहायलाच हवं असं नाही.

वाक्य ठेवलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

अमरदीप आला तेव्हा डोळे लाल होते. वडिलांना रात्रभर शेकून दिलं म्हणाला. तरी कागद हातात घेतल्याबरोबर आवाज लागला.

त्या वाक्याशी थांबला. “गज्या, हे पक्कं हाये ना भौ? कंपनीवाले पाह्यतीन हे.”

“हो.”

“तपासलं तू?”

“तपासलं.”

“मंग ठीक. तू म्हणला म्हणजे ठीक.”

आणि ते वाक्य त्याने असं म्हटलं की मामा काउंटर सोडून आत आले. जणू एखाद्या गरिबाची वाट कोणी अडवली आहे आणि हा त्याच्या बाजूने उभा आहे. माझं वाक्य, आणि अंगावर काटा आला तो त्याच्या आवाजाने. मला आनंद होईल असं वाटलं होतं.

संध्याकाळी व्हिडिओ चढवला.

शनिवार, २० सप्टेंबर

एकाने खाली लिहिलं, ‘भाऊ, कीबोर्ड बदला, खेळ नाही.’ मग सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं, जीपवाल्याने जीपच भरावी. कोणी म्हणालं, कंपनीला बदनाम करायचे पैसे मिळाले असतील. नाव सगळीकडे अमरदीपचं. तोंड त्याचं दिसतं ना.

‘आणि टीम’ला कोणी काही म्हटलं नाही. मी शेवटपर्यंत वाचून पाहिलं.

दुपारी उज्ज्वला मॅडमचा मेल आला, अगदी छोटा. ‘हा दावा करण्याआधी तपासणी कोणी केली होती, ते कळवावं.’

मी उत्तर दिलं नाही. मला ताप आहे असं घरी सांगितलं. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ताप त नाई रे.” मग तशीच बसून राहिली.

रविवार, २१ सप्टेंबर

अमरदीप सकाळीच घरी आला. त्याने काल स्टुडिओत जाऊन बटणं स्वतः दाबून पाहिली होती.

“बोर्डच भंगार हाये बे! आपण खेळाले शिव्या देऊन राह्यलो!” तो हसत होता. “माह्या बोटांनी तुह्ये बाण खाल्ले गज्या. इतके दिवस मी फुकटचाच जिकत होतो.”

मला माहीत होतं, असं तेव्हा म्हणता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा. तो म्हणाला, “चाल, मोबाईल धर, व्हिडिओ करू,” आणि मी धरला.

कागद नव्हता. पाटी नव्हती. तो आमच्या वांग्याच्या वाफ्याजवळ उभा राहून बोलला :

“मंडळी, राम राम. गुरुवारच्या व्हिडिओत मी चुकलो. तपासणी माह्यी होती, माह्या दोस्ताची नाई. त्यानं मले भल्ला विश्वासानं लिवून देल्लं. खेळ एक नंबर हाये, आमचा बोर्ड फालतू हाये. आन् एक सांगतो, मी जेवढ्या रेसी जिकलो, त्या सगळ्या गजेंद्रच्या. मी त्याले बटनच दाबू देल्लं नाई. गजेंद्र, माफ कर बावा.”

मी मोबाईल बंद केला.

मग मी विचारलं, “तपासणी तुझी होती असं का म्हणालास?”

“मंग काय म्हणू? तुह्यं नाव खराब झालं त तुले तपासणीले कोण घेईन? माह्यं खराब झालं तरी चालते. कोयता काय नाव पाहून चालत नाई.”

मोठेपणा करायलासुद्धा हा माझ्या पुढे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

तो व्हिडिओ मी जोडलेलाही नाही, काही नाही. हलणारा, वाऱ्याचा आवाज आलेला. आजवरच्या आमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. काल शिव्या देणारेच आज ‘दिलदार माणूस’ म्हणत आहेत. एकाने लिहिलं, ‘असा दोस्त पाहिजे.’

सुचिताने मला तो तीन वेळा दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “दादा, तुझ्यासाठी बोलले ते,” म्हणाली. मी म्हणालो, वाऱ्याचा आवाज काढायला हवा होता. ती उठून गेली.

बुधवार, २४ सप्टेंबर

उज्ज्वला मॅडमचा फोन आला. स्टुडिओत मी एकटाच होतो.

“गजेंद्र ना? तुमच्या लिखाणातला नेटकेपणा आम्हाला आवडला. विवरातल्या पाण्याच्या रेघेबद्दल तुम्ही लिहिलंय, ते आमच्या मुलांनी भिंतीवर लावलंय.” असं कोणी मला कधी म्हटलं नव्हतं. “अमरदीप म्हणतात, ती तपासणी त्यांची होती. आवाज छान आहे त्यांचा, पण न तपासता बोलणारा माणूस आम्हाला अवघड जाईल. तसं असेल तर आम्ही तुम्हाला बोलवू. फक्त तुमच्याकडून खात्री करून घेतेय.”

‘हो’ म्हणायचं होतं, एवढंच. गुरुवारी म्हटलं होतं तसंच.

पुण्याची खोली डोळ्यांपुढे आली, टेबल आलं, दोघांसाठी दोन वेगवेगळे कीबोर्ड आले. आणि लगेच हेही आलं, की ही जागा मला अमरदीपने दिली असेल. रोज सकाळी त्या टेबलाशी बसताना ती त्यानेच दिलेली असेल. इकडे सगळे म्हणतील, बघा, कोयता उचलला पण दोस्ताला पुण्याला पाठवलं. आई म्हणेल. सुचिता म्हणेल. मी म्हातारा होईपर्यंत तो माझ्यापेक्षा मोठा राहील.

ते मला सहन झालं नसतं. मी खरं सांगितलं ते मी चांगला आहे म्हणून नाही, हे इथे लिहून ठेवतो.

“तपासणी माझी होती,” मी म्हणालो. “वाक्य माझं. आणि दोष कीबोर्डचा आहे हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. त्याला माहीत नव्हतं.”

“मग लिहिलंत का?”

“तो जिंकत होता म्हणून.”

पलीकडे कोणीतरी हसत बोलत होतं, ते ऐकू आलं. मग मॅडम म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत,” आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर छातीत काहीतरी हलकं होईल. चहा प्यायलो. झालं नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अमरदीपला घेतलं. सोमवारी निघतो आहे. मुकादमाला ‘नाही’ असं सांगून झालं, जमनाबाई यंदा तांड्यावरच राहणार. हे मला मामांनी सांगितलं. मामा पेढे वाटत होते.

दुपारी तो स्टुडिओत आला. मॅडमनी त्याला सगळं सांगितलं असणार, कारण नेहमीसारखी दारातून हाक मारली नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो पाणी प्यायला.

“आदल्या दिवशी?” त्याने विचारलं.

“आदल्या दिवशी.”

“मी बापाले शेकून राह्यलो होतो तवा.”

“हो.”

तो भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोंकडे बघत बसला. मग म्हणाला, “चाल. एक रेस.”

विवराचा ट्रॅक लावला. तो त्याच्या बाजूला बसला, मी माझ्या. खांदा लागला नाही, स्टूल जरा लांब ठेवलं होतं त्याने.

मी माझा अर्धा पडदा सोडून कुठेच पाहिलं नाही. अग्निबाण दाबला, सुटला. ढाल दाबली, आली. धूर, चुंबक, सगळं. बोट टेकायचा अवकाश. भिंतीला एकदाही घासलो नाही. इतका सुंदर खेळ आहे तो, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. तळाच्या पाण्यावरून गेलो, मागची रेघ बघायला थांबलो नाही. पहिला आलो.

मग डावीकडे पाहिलं. त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच उभी होती. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

“सगळे सुटले ना बाण?” त्याने विचारलं.

“सुटले.”

“मंग झालं.”

उठला. बाहेर मामांच्या पाया पडला, त्यांनी आशीर्वाद दिलेला ऐकू आला. मग चपलांचा आवाज पायऱ्यांवरून खाली गेला.

दोघंही रेषेला पोचल्याशिवाय हा खेळ रेस संपवत नाही. रेस मध्येच सोडायचं बटणच दिलेलं नाही. हा दोष माझ्या नजरेतून सुटला होता. त्याची गाडी तिथेच तरंगत राहिली, खाली-वर, खाली-वर. थोड्या वेळाने मी त्याच्या स्टुलावर सरकलो, डावीकडच्या बटणांवर बोटं ठेवली आणि त्याची गाडी न्यायला लागलो. ट्रॅकवर दुसरं कोणी नव्हतं. तरी प्रत्येक वळणावर मी ती जपूनच नेली.